शाहीर डेरेकचा दुखवटा आणि राधाबाईंची रांग

किस्से कोणी मुद्दाम जमवीत नाही. हापशाखाली सांडलेले पाणी जसे आपोआप एका खळग्यात साचते, त्याच्या कडेने गवत उगवते आणि मग कोणाची तरी शेळी तिथे रोज येऊ लागते, तसे किस्स्यांचे असते. आमच्या वस्तीतील हापशाभोवती ते इतके साचले आहेत की, एक सांगू लागलो की दुसरा मागून ढकलू लागतो. रांगेतली सवय, दुसरे काय!

म्हणून क्रमाने सांगतो. जळकोटच्या आमच्या बौद्ध वस्तीने एकदा विलायतेतील एका गायकाचा दुखवटा पाळला होता. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाचे संगीत करणारे, ऑर्गन वाजवून गाणारे डेरेक नावाचे ते गृहस्थ. हे ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणचे माझे विद्वान मित्र गालातल्या गालात हसतात. त्यांनी खुशाल हसावे. त्यांच्या गल्लीने कोणाकोणाचे दुखवटे पाळले ते त्यांनी सांगावे. आमच्या वस्तीचे मी सांगतो.

*

बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडणारे यंत्र आमच्या गावी आले. यंत्राबरोबर पीटर नावाचा एक विलायती तरुण होता. उन्हाने तो इतका लाल झाला होता की, बायका त्याला पाहून हळहळत.

यंत्राने पहिली दोन भोके बापूरावांच्या मळ्यात पाडली. बापूराव हे गावातील सर्वांत मोठे जमीनधारक. गावात येणारी प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्या मळ्यात जात असे. यंत्रानेही रीत पाळली. दोन्ही भोकांतून नुसता फुफाटा निघाला. तिसरे भोक आमच्या वस्तीत, सखारामच्या दारासमोर पाडले, आणि पाणी उसळून शेजारच्या कडुलिंबाच्या फांद्यांना जाऊन लागले!

सखाराम त्या यंत्रावर हेल्पर होता. राधाबाई ही त्याची पत्नी. हापसा बसला त्या दिवशी सारे गाव घागरी घेऊन जमले. राधाबाईंनी हापशाच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या,

"पानी समद्या गावाला हाय. पन रांग एकच. मालक आसू दे न्हायतर गडी आसू दे, ज्याची तहान त्यानं सोता यावं."

गावच्या विहिरीपासून लांब उभे राहून, कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहण्यात राधाबाईंचे बालपण गेले होते. रांगेचे शास्त्र त्या कोणत्या शाळेत शिकल्या, हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

गाव निमूटपणे रांगेत आले. बापूराव मात्र आले नाहीत. त्यांनी धोंडिबा या आपल्या गड्याला बैलगाडी आणि मोठे पिंप देऊन पाठवले. राधाबाईंनी धोंडिबाला त्याच्या स्वतःच्या घरापुरती घागर भरून दिली आणि पिंप रिकामे परत पाठवले.

"मालकाला म्हनावं, तहान तुमची हाय, तर पाय बी तुमचंच आनावं."

दुसऱ्या दिवसापासून बापूरावांची गाडी पाण्यासाठी नळदुर्गाच्या वाटेला लागली! ते पाहून राधाबाई जे बोलल्या, ते आमच्या वस्तीत लहानथोरांना पाठ आहे.

"त्यो मानूस ज्या दिशी माझ्या रांगंत हुबा ऱ्हाईल, त्या दिशी ही रांग पुरी झाली म्हनीन. तवर आर्धीच."

*

यंत्र चालू असताना पीटर एक कॅसेट लावीत असे. यंत्राच्या घरघरीत ते संगीत आहे की यंत्राचाच एखादा भाग सैल झाला आहे, हे कोणालाच कळले नव्हते. गाव सोडताना त्याने आपला टेपरेकॉर्डर आणि ती एकुलती एक कॅसेट सखारामला भेट दिली. सखारामने तो हापशाजवळच्या कट्ट्यावर ठेवला आणि रांगेला गाणे ऐकवू लागला.

कॅसेटच्या एका बाजूवर एकच गाणे होते. आधी ऑर्गन बराच वेळ एकटाच हिंडे. मग ढोल येत. ढोल थकले की मग कुठे डेरेक गाऊ लागत. तोवर निम्मी रांग पुढे सरकलेली असे.

रांगेत सवर्णांच्या वरच्या आळीतील गोदाआजी नावाच्या एक वृद्ध बाई असत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "राधे, ह्यो मानूस गातोय का रडतोय गं?"

"त्यांच्याकडं दोन्ही येकच आसतंय, आजी."

मी तेव्हा नुकताच एक जुना इंग्रजी शब्दकोश मिळवला होता. मी रांगेस उद्देशून सांगितले की, या संगीतास 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. म्हणजे पुढे जाणारे.

गोदाआजींनी थोडा वेळ कान देऊन ऐकले. "फुडं जातंय खरं. पन पोचत न्हाय कुटं!"

"आपल्या रांगंवानीच की!" सखाराम म्हणाला.

त्या दिवसापासून डेरेक आमचे झाले. गाणे चालू असताना भांडायचे नाही, असा नियम आपोआप पडला. दुष्काळात इतर गावांच्या हापशांवर डोकी फुटली; आमच्याकडे घागरीलासुद्धा पोचा आला नाही! वाद झाला तो एकच. वस्तीतील लोक डेरेक यांना 'शाहीर' म्हणत आणि वरच्या आळीचे लोक 'डेरेकबुवा'. तोही गोदाआजींनी मिटवला.

"घागर भरूस्तवर शाहीर म्हना. घरी गेल्यावर बुवा म्हना. त्याला कुटं कळतंय!"

*

टेपरेकॉर्डरला मोठे सेल लागत. दुष्काळात पोटाला सुकडी मिळत होती, सेल कुठून मिळणार? म्हणून सेल संपत आले की राधाबाई ते काढून उन्हात ठेवीत. उन्हाने सेलांत पुन्हा थोडी धुगधुगी येते, हे आमच्या पिढीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. सूपभर कुरडयांच्या शेजारी सेल एका ओळीत मांडलेले असत आणि कोंबड्या हाकण्यासाठी राधाबाई काठी घेऊन बसत.

एकदा पंचायत समितीचे एक साहेब पाहणीस आले. ते सुपाजवळ थांबले. "बाई, हे काय वाळत घातलंय?"

राधाबाई उत्तरल्या, "गानं!"

साहेब सखारामकडे पाहू लागले. सखारामने गंभीरपणे खुलासा केला, "काल जरा वलं निघालं व्हतं, सायेब."

*

पुढे पाऊस झाला, शेते हिरवी झाली, हाती चार पैसे आले. सखारामने उमरग्याहून कोरे करकरीत सेल आणले. मोठ्या हौसेने घातले, बटण दाबले, आणि काय सांगावे! ऑर्गन उधळलेल्या खोंडासारखा धावू लागला. डेरेक यांचा धीरगंभीर आवाज तरण्या पोरासारखा झाला. गाणे इतक्या लवकर संपले की, हापशावरील बायकांच्या घागरी अर्ध्याच राहिल्या.

सखाराम दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने उमरग्यास गेला आणि सेल दुकानदारापुढे ठेवले.

"खराब माल दिलाय तुमी."

दुकानदाराने सेल तपासले. "अहो, नवे आहेत. जोरात चालतात."

"तेच म्हनतोय म्या. आमचा शाहीर पळाय लागलाय! थोडे वापरलेले न्हाईत का?"

त्यानंतर सखारामने एक पद्धत घालून घेतली. नवे सेल आणायचे, ते आधी बॅटरीत घालून शेताची राखण करायची, ते मऊ झाले की मगच डेरेक यांना लावायचे. सखारामचे म्हणणे असे की, नवी चप्पलसुद्धा आधी दुसऱ्याने घालून दिली तर बरी!

*

दुष्काळानंतर गावात सहकारी दूध संस्था निघाली. चेअरमन बापूराव झाले. सेक्रेटरी मी झालो. शाळा चौथीत सुटलेला, बाकी सर्व वाचून शिकलेला आमच्या वस्तीतील मनुष्य संस्थेचा सेक्रेटरी होतो, ही गोष्ट मी आजही नम्रपणे सांगत नाही. सखाराम दूध मोजून घेण्याच्या कामावर लागला. दूध संकलन आमच्या हापशासमोरच्या खोलीत होई, आणि संध्याकाळी टेपरेकॉर्डर तिथेही वाजे.

चेअरमनांच्या घरचे दूध संस्थेत आणून घालायला धोंडिबा होता. तरीही काही दिवसांनी बापूराव स्वतः म्हैस घेऊन येऊ लागले. दूध घरी काढून किटलीत आणायचे सोडून म्हैसच इथे आणून धार काढवून घेऊ लागले. गाणे चालू असेपर्यंत ते कडुलिंबाखाली, हापशाकडे पाठ करून उभे राहत. गाणे संपले की निघत.

एकदा सखारामने धीर करून विचारले, "चेअरमनसाहेब, आवडतंय व्हय गानं?"

"मला काय कळतंय त्यातलं!" बापूराव खेकसले. "म्हैस थांबती, म्हून थांबावं लागतंय. गानं लावलं की दूध जास्त देती."

राधाबाई हापशावर भांडी घाशीत होत्या. भांड्याला उद्देशून म्हणाल्या, "म्हशीला कळतंय म्हंजी."

*

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी संस्थेच्या रेडिओवर मी बाजारभाव ऐकून काटा फिरवीत होतो. एका परदेशी केंद्रावर इंग्रजीत डेरेक यांचे नाव ऐकू आले. मी कान लावला. आजारपणात त्यांचे निधन झाले होते. येत्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या स्मरणार्थ त्यांची गाणी लावली जाणार होती.

सखारामला सांगितले. त्याच्या हातात दुधाचे माप होते. त्याने ते हळूच पालथे घातले.

"वय काय व्हतं?"

"चाळिशीसुद्धा नव्हती, म्हणतात."

"आवाज तर म्हाताऱ्याचा व्हता," सखाराम म्हणाला आणि बाहेर जाऊन हापशाच्या कट्ट्यावर बसला. त्या दिवशीचे उरलेले दूध मी मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची बैठक होती. मी शोकप्रस्ताव मांडला. चेअरमन बापूरावांनी चष्मा काढला.

"मयत आपला सभासद व्हता का, सेक्रेटरी?"

"नाही."

"दूध घालत व्हता?"

"नाही."

"मंग ठराव कशात बसवायचा? उद्या कुनी बी उठंल आन म्हनंल, अमुक मेला, ठराव करा!"

मी उपविधी रात्रभर वाचून आलो होतो. मी म्हणालो, "संस्थेच्या हितचिंतकांच्या निधनाबद्दल ठराव करता येतो."

"ह्यो हितचिंतक कसा?"

मी उत्तर दिले, "संस्थेच्या एका म्हशीचे दूध त्यांच्यामुळे वाढले आहे, असे खुद्द चेअरमनांनी सर्वांसमोर सांगितलेले आहे."

संचालक खाली पाहू लागले. बापूरावांनी चष्मा परत लावला.

"लिवा. सूचक म्हून माझं नाव घाला."

ठराव एकमताने संमत झाला. अशा प्रकारे विलायतेतील प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताला उपकाराची पावती देणारी आमची दूध संस्था देशातील पहिली ठरली असावी, असे मला वाटते. कोणाचा दावा असल्यास त्यांनी ठराव दाखवावा!

*

प्रश्न उरला तो बसायला कुठे जायचे हा. आमच्याकडे कोणी गेले की लोक त्याच्या दारी जाऊन बसतात. डेरेक यांचे दार सातासमुद्रांपलीकडे. वरच्या आळीत खल झाला, वस्तीत खल झाला. शेवटी गोदाआजींनी निकाल दिला.

"ज्या घरात त्याचा आवाज ऱ्हायला, तेच त्याचं घर. रविवारी राधीच्या दारी बसायचं."

रविवारी राधाबाई सकाळपासून कामाला लागल्या. अंगण सारवले, दाराशी पाण्याचा रांजण भरून ठेवला आणि येणाऱ्यांना चहा करावा म्हणून दुपारी चूल पेटवली. इतक्यात वरच्या आळीतील बायका फडक्यांत भाकरी आणि पिठले बांधून आल्या. कोणाच्या घरी दुःख झाले म्हणजे शेजारपाजारचे अशा भाकरी नेतात आणि त्या घरच्यांबरोबर बसून खातात. पण वरच्या आळीची भाकरी आमच्या वस्तीत अशी बसून खाण्यासाठी त्यापूर्वी कधी आली नव्हती.

राधाबाई दारातच उभ्या राहिल्या. "आवं, माजी चूल पेटलीया. भाकरी कशाला आनल्या?"

गोदाआजींनी काठी आपटली. "मयताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय? इझव आदी!"

राधाबाईंनी एकवार त्या सगळ्या जणींकडे पाहिले. मग आत गेल्या आणि तांब्याभर पाणी चुलीवर ओतले. धूर बाहेर आला, तशा बायका अंगणात मांडी घालून बसल्या आणि फडकी सोडू लागल्या.

फोटो कोणाकडेच नव्हता. म्हणून सखारामने टेपरेकॉर्डरलाच हार घातला. हार नेमका आवाजाच्या जाळीवर आला. डेरेक गुदमरू लागले. शेवटी हार काढून कडुलिंबाला घातला. पहिल्या दिवशीचे पाणी त्यानेही प्यायले होतेच!

*

संध्याकाळी मी संस्थेचा रेडिओ आणून कट्ट्यावर ठेवला. वस्ती होती, वरची आळी होती, धोंडिबा होता. बापूरावही म्हैस घेऊन आले होते आणि हापशाकडे पाठ करून कडुलिंबाखाली उभे होते. निवेदक काही बोलला आणि आमचे गाणे सुरू झाले.

ऑर्गन धावत सुटला! पाठोपाठ ढोल धावले. डेरेक तर असे गाऊ लागले की, जणू त्यांची एस.टी. चुकत होती.

अंगण गार पडले. "ह्यो आपला न्हवं," कोणीतरी पुटपुटले.

सखाराम माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सेक्रेटरी, रेडिओत नवं सेल घातलं का काय?"

"होय. कालच घातले."

"तरीच!"

गोदाआजी मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सेलाला कशाला नावं ठिवता? जानारा मानूस हाय त्यो. जायाची घाई झालीया त्याला."

कार्यक्रम संपला. सखारामने रेडिओ बंद केला, सुपातील सेल घेतले, उन्हाची ऊब हातावर पाहिली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातले. बटण दाबले. ऑर्गन सावकाश निघाला, एकेक पाऊल टाकीत, भरल्या घागरीने चालावे तसा.

"हां," सारे अंगण एकदम म्हणाले. "ह्यो आपला."

भाकरी खाऊन झाल्या होत्या. पिठले तिखट होते. लोक पाण्यासाठी उठले आणि रांजणापाशी आपोआप रांग लागली. इतक्या वर्षांची सवय. राधाबाई एकच तांब्या घेऊन एकेकाला पाणी देत होत्या. गोदाआजी प्यायल्या. बायका प्यायल्या. अंगणाच्या टोकापर्यंत माणसे उभी होती आणि सर्वांत शेवटी धोंडिबा होता.

डेरेक अजून गायला लागले नव्हते. ऑर्गनच चालला होता. बापूराव कडुलिंबाखालून वळले. पिठले तर त्यांनी खाल्ले नव्हते.

"राधाबाई," ते म्हणाले, "तांब्या जरा हिकडं द्या."

अंगणातील प्रत्येकाने ऐकले. सखारामचा हात टेपरेकॉर्डरवरच राहिला. राधाबाईंनी मान वर केली नाही. रांजणात तांब्या बुडवला, पुढच्या माणसाच्या ओंजळीत धार धरली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"रांग हाय, चेअरमन."

बापूरावांनी म्हशीचे दावे कडुलिंबाला बांधले. बांधायला त्यांना वेळ लागला. मग ते अंगण ओलांडून आले आणि धोंडिबाच्या मागे उभे राहिले.

धोंडिबा घाबरून बाजूला सरकला. "मालक, या की म्होरं."

"गप हुबा ऱ्हा," बापूराव म्हणाले. "गानं कुटं संपलंय अजून!"